बाहेर पडायला वाद जिंकावा लागत नाही

स. न.

मी छत्तीस वर्षांची आहे. मी अकरा वर्षांची असताना आई आमच्या समूहात आली आणि तिच्यामागून आम्ही दोघं भावंडं. लग्नही आतल्याच मुलाशी झालं. नवरा प्रेमळ आहे, कधी आवाज चढवत नाही. आमच्यातली माणसं वाईट नाहीत. पण दर आठवड्याला मनातल्या शंका आणि वाईट विचार वहीत लिहून द्यावे लागतात. काय वाचायचं, कुणाशी मैत्री ठेवायची, नोकरी बदलायची की नाही, सगळं विचारून. सहा वर्षांपूर्वी भाऊ बाहेर पडला. त्याच्याशी बोलायचं नाही असा आदेश आला आणि मी तो पाळला. आता वर्षभर माझ्याच मनात शंका आहेत, पण त्या मी वहीत लिहीत नाही. गेल्या महिन्यात माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, तू प्रार्थनेत नुसते ओठ हलवतेस. हे मी सांगू का?" मुलांच्या वर्गात त्यांना घरातलं सांगायला शिकवतात. मला उत्तरच सुचलं नाही. दोन दिवसांनी तिला ताप आला आणि मी घाबरून वहीची चार पानं भरली. आता त्याचीच चीड येते. आमचे प्रमुख चुकीचे आहेत हे मला सिद्ध करता येत नाही. प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असतं. मग मला जायचा काय अधिकार? पंचवीस वर्षं दिली ती उगाच? नवऱ्याला कसं सांगू? प्रमुख म्हणतात, प्रामाणिक माणूस समोर येऊन विचारतो. आधी त्यांना भेटू का?

– ओठ हलवणारी


तुमच्या समूहाचं, धर्माचं आणि प्रमुखांचं नाव मी पत्रातून काढलं आहे. तुमची ओळख झाकावी हा हेतू आहेच. पण नाव काढल्यावर पत्रातलं काही कमी झालं असं वाटलं नाही. वेगवेगळ्या देवांची नावं घेणाऱ्यांकडून, आणि देवाचं नावही न घेणाऱ्या समूहांतून, साधारण हेच लिहून येतं. कबुलीची काहीतरी रीत असते, तोडलेला एखादा भाऊ किंवा मैत्रीण असते आणि 'माणसं वाईट नाहीत' हे वाक्य हमखास असतं. ते बहुतेक वेळा खरंही असतं. म्हणूनच निघणं जड जातं. माणसं दुष्ट असती तर तुम्ही कधीच निघाला असतात.

आधी अधिकाराचं बोलू, कारण बाकी सगळं तिथं अडलंय.

सिद्ध करता येत नाही म्हणून जाता येत नाही, हा नियम कुणी केला? आत येताना तुमच्याकडे कुणी पुरावा मागितला नव्हता. तुम्ही अकरा वर्षांच्या होतात, आईबरोबर आलात. आईनेही दोन्ही बाजू तपासून, शिकवणीचा शब्द न् शब्द पडताळून पाऊल टाकलं असेल असं वाटत नाही. तिला धीर मिळाला असेल, विचारपूस करणारी माणसं मिळाली असतील. येताना 'बरं वाटलं' एवढं पुरतं आणि जाताना मात्र शास्त्रार्थ जिंकून दाखवावा लागतो, हा व्यवहार एकतर्फी आहे.

शिवाय तो वाद जिंकणार कुठं? पंच त्यांचे, नियम त्यांचे, धावफलकही त्यांच्याच हातात. मागितलेलं मिळालं तर शिकवण खरी, नाही मिळालं तर तुमची श्रद्धा कमी. मन शांत असेल तर ती कृपा, अस्वस्थ असेल तर तो अहंकार. काहीही घडलं तरी जिचं काही बिघडत नाही अशा शिकवणीला खोटं ठरवण्याच्या मागे लागलात तर आणखी पंचवीस वर्षं सहज जातील. 'प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असतं' हे तुम्ही त्यांच्या बाजूचा पुरावा म्हणून लिहिलंय. मला त्याचीच धास्ती वाटते. ज्याने कधीच 'हे मला ठाऊक नाही' म्हटलेलं नाही, त्याच्या हाती मी नोकरीचाही निर्णय देणार नाही, मुलीचा तर नाहीच.

१० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या अठराव्या कलमात विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य आहे आणि त्यातच धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचं स्वातंत्र्यही वेगळं नमूद केलेलं आहे. या बदलण्याच्या उल्लेखाला तेव्हा विरोध झाला होता, तरी तो राहिला. त्या कलमात कुठेही 'आधी कारण पटवून द्यावं' अशी अट नाही. तुमचं मन तिथं लागत नाही, मुलीला तुमच्यावर नजर ठेवायला शिकवलं जातंय आणि तुम्हाला हे नकोय. जायला एवढं पुरेसं आहे.

पंचवीस वर्षांचं म्हणाल तर त्याबद्दल एक जुना प्रयोग सांगते. एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली तो प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन मुलींना एका चर्चागटात घ्यायचं होतं. काहींना प्रवेशासाठी परक्या माणसासमोर अत्यंत लाजिरवाणा मजकूर मोठ्याने वाचायला लावला, काहींना सौम्य मजकूर दिला, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना गटाची चर्चा ऐकवली, आणि ती मुद्दाम कंटाळवाणी केलेली होती. जिला प्रवेशासाठी सर्वांत जास्त लाज गिळावी लागली होती, तिला ती चर्चा आणि तो गट जास्त चांगला वाटला. आपण मोजलेली किंमत आपल्यालाच सांगत राहते की माल चांगला असणार. तुमच्याकडून पंचवीस वर्षं, एक भाऊ आणि दर आठवड्याची वही एवढी किंमत घेतली गेली आहे. ती उगाच गेली असं म्हणायला जीव धजावत नाही, हे स्वाभाविक आहे. मी तसं म्हणतही नाही. त्या वर्षांत तुम्ही मुलगी वाढवलीत, माणसांची सेवा केलीत, कुणाच्या तरी आजारपणात रात्री जागलात. ते तुमचं आहे, समूहाचं नाही. पण सव्विसावं वर्ष द्यायचं की नाही हे आधीची पंचवीस ठरवू शकत नाहीत.

आता ताप.

मुलं आजारी पडतात. समूहात राहिलेल्यांची पडतात, सोडून गेलेल्यांची पडतात आणि ज्यांनी तुमच्या समूहाचं नावही ऐकलेलं नाही त्यांचीही. फरक एवढाच की आतल्या निष्ठावंताच्या घरात ताप आला तर ती 'परीक्षा' असते आणि शंका घेणाऱ्याच्या घरात आला तर 'शिक्षा'. गेल्या पाच वर्षांत मुलीला किती वेळा ताप आला ते आठवून बघा. तेव्हा तुम्ही वही प्रामाणिकपणे भरत होतात ना? तरी आलाच होता. हे वाचून भीती लगेच जाणार नाही, कारण ती तर्काने आत आलेलीच नाही. ती अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात घातली गेली. बाहेर पडल्यावरही काही काळ प्रत्येक अपघात, प्रत्येक वाईट बातमी तुम्हाला 'बघ, सांगितलं होतं' असं म्हणेल. त्या वेळी निर्णय बदलू नका, डॉक्टरांना फोन करा. तापाचं औषध त्यांच्याकडे असतं.

वहीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या पत्रात मला सर्वांत जड तीच वाटली. रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९५० च्या दशकात चीनमधल्या सक्तीच्या 'विचारसुधारणे'तून गेलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९६१ मध्ये अशा बंदिस्त वातावरणाच्या आठ खुणा मांडल्या. कबुलीची सक्ती ही त्यातली एक. माणसाच्या स्वतःच्या अनुभवापेक्षा सिद्धांत नेहमी वरचढ ठरणं ही दुसरी. तुमच्या समूहाला मी तुरुंग म्हणत नाही, तुम्हाला कुणी डांबून ठेवलेलं नाही. पण कबुलीचं काम दोन्हीकडे तेच असतं. मनातलं एकही दार आतून लावता येऊ नये. ज्याची प्रत्येक शंका दुसऱ्याने वाचलेली असते त्याला शंका वाढवता येत नाही, दोन शंका जोडून बघता येत नाहीत. तुम्ही गेलं वर्षभर वहीत लिहिलं नाहीत म्हणूनच विचार करू शकलात. ओठ हलवण्याला तुम्ही ढोंग समजताय आणि सहीही तशीच केलीत. मला ती ढोंगाची खूण वाटत नाही. स्वतःपाशी थोडी जागा राखण्याचा तुम्हाला सापडलेला तो पहिला मार्ग होता.

आणखी एक. १९८७ मध्ये डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी लोकांना सांगितलं, पुढची काही मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. अर्थात अस्वल पुन्हा पुन्हा आलं. शंका मनात आणू नका असं सांगायचं, मग दर आठवड्याला किती आल्या ते लिहायला लावायचं आणि मग त्या आल्याबद्दल शरम वाटायला लावायची: यात माणूस कधीच पास होऊ शकत नाही. वर्षानुवर्षं तुम्ही नापास होत आलात ते तुमच्या मनाच्या घाणेरडेपणामुळे नाही.

चार पानं भरलीत त्याचं काय करायचं? काही नाही. पुढच्या आठवड्यापासून पुन्हा किरकोळ काहीतरी लिहा. आळस केला, चिडचिड झाली, एवढंच. एकदम कोरी वही दिलीत तर विचारणा होईल आणि तुमची तयारी अजून झालेली नाही. खोटं लिहायला सांगतेय असं वाटेल. मन कुणाला उघडून दाखवायचं हे ठरवणं तुमचा हक्क आहे. जो सक्तीने विचारतो त्याला अपुरं उत्तर देणं मला पाप वाटत नाही.

आता मुलगी. तिच्या प्रश्नात तुम्हाला भीती दिसली, ती बरोबरच आहे. पण एक बघा, तिने थेट सांगून टाकलं नाही. आधी तुम्हाला विचारलं. ज्या मुलीला घरातलं सांगणं हे पुण्य म्हणून शिकवलंय, तिला ते सांगण्याआधी आईकडे यावंसं वाटलं. तिच्या मनात दोन निष्ठा एकमेकींशी भांडत आहेत आणि ती नऊ वर्षांची आहे.

म्हणून तिला 'सांगू नकोस' म्हणू नका. ते म्हटलंत की तिच्या डोक्यावर गुपित बसेल. वर्गात प्रश्न विचारला जाईल, ती खोटं बोलेल किंवा सांगेल आणि दोन्हीत स्वतःला दोष देईल. 'हो, सांग' असंही हसत म्हणू नका. तिला सांगा: "मी प्रार्थना कशी करते हे माझं आहे, त्याची काळजी तू करायची नाहीस. तुझ्या तोंडून गेलं तरी मी रागावणार नाही." आणि ते खरोखर पाळा. बातमी गेली तर जाऊ दे. कुणी विचारलं तर 'हल्ली थकवा असतो, लक्ष लागत नाही' एवढं पुरतं. मात्र तुमचा बाहेर पडण्याचा विचार, भावाशी होणारं बोलणं, पैशांची व्यवस्था यातलं काहीही तिच्या कानावर पडू देऊ नका. तिच्यावर विश्वास नाही म्हणून नाही, नऊ वर्षांच्या मुलीने ते सांभाळायचं नसतं म्हणून. १९८९ च्या बालहक्क करारात मुलांनाही विचार, विवेक आणि धर्माचं स्वातंत्र्य दिलेलं आहे. तुम्ही बाहेर पडल्यावर हे तुम्हालाही लागू होईल बरं का. तिने काही काळ प्रार्थना चालू ठेवली, तिथल्या मैत्रिणींसाठी रडली, तुम्हाला 'आई, तू वाईट वागलीस' म्हणाली, तर तेही तिला करू द्यावं लागेल.

पहिलं पाऊल मात्र मुलीकडे नाही आणि नवऱ्याकडेही नाही. ते भावाकडे टाका.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत एका माणसाला अशा गटात बसवलं होतं जिथं बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत. प्रश्न साधा होता, तीन रेघांपैकी कुठली रेघ दाखवलेल्या रेघेएवढी? डोळ्यांना उत्तर स्पष्ट दिसत असूनही साधारण एक तृतीयांश वेळा माणसं गटाच्या चुकीच्या उत्तरामागे गेली. पण गटात एकच जण बरोबर उत्तर देणारा ठेवला की हे प्रमाण एकदम खाली आलं. एकच. तुमच्याकडे तो एक आहे आणि सहा वर्षं त्याच्याशी बोलायला बंदी आहे. ही बंदी तुमच्या आध्यात्मिक उन्नतीसाठी आहे असं तुम्हाला सांगितलं गेलं. ती कशासाठी आहे ते आता तुम्हीच ठरवा.

त्याला काय लिहायचं यावर तुम्ही अडाल, म्हणून सांगते. माफीचं लांबलचक पत्र नको. सहा वर्षांचा हिशेबही पहिल्याच दिवशी नको. 'मी आहे. तुझी आठवण येते. मला तुझ्याशी बोलायचंय, पण अजून कुणाला सांगू नकोस' एवढं बास. तो लगेच विरघळेलच असं नाही. बहिणीनेही पाठ फिरवली हे त्याला लागलं असणार. चार कडू शब्द ऐकावे लागले तर ऐका, त्याचा तेवढा हक्क आहे. आणि हा निरोप ज्या फोनवर नवरा किंवा मुलगी सहज डोकावते त्या फोनवरून पाठवू नका.

त्याच्याशी बोलणं सुरू झालं की बाकीची तयारी शांतपणे करता येते. तुमची आणि मुलीची ओळखपत्रं, जन्मदाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रं, मालमत्तेचे कागद कुठे आहेत ते बघा आणि प्रती काढून बाहेर कुणाकडे तरी ठेवा. स्वतःच्या एकटीच्या नावावर बँकेत खातं नसेल तर उघडा. नोकरी समूहातल्याच कुणाकडे असेल तर दुसरी शोधायला लागा, राहतं घर समूहाचं असेल तर राहायची सोय आधी. आणि कौटुंबिक कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा भेटा. नवऱ्याशी भांडायचंय म्हणून नव्हे. पुढे वेगळं व्हायची वेळ आलीच तर मुलीच्या ताब्याचा प्रश्न येतो, आणि तेव्हा त्याच्यामागे अख्खा समूह उभा असेल आणि तुमच्यामागे फक्त भाऊ. हे वाचायला रूक्ष वाटतं, पण तयारीशिवाय निघालेले अनेक जण पैशांपायी किंवा छपरापायी परत जातात आणि मग त्यांच्या परत येण्याचं उदाहरण सभेत दिलं जातं.

नवऱ्याला कधी सांगायचं? ही तयारी झाल्यावर, पण इतकंही उशिरा नको की त्याला फसवलं गेल्यासारखं वाटेल. तुम्ही म्हणता तो प्रेमळ आहे. तर मग त्याला समूहाबद्दल सांगू नका, स्वतःबद्दल सांगा. 'आपले प्रमुख खोटे आहेत' असं म्हणालात की तो तुमचा नवरा राहणार नाही, समूहाचा वकील होईल. त्याला तेच शिकवलंय. 'मला रात्री भीती वाटते. मुलीने मला असं विचारलं आणि मला झोप लागली नाही' हे म्हणालात तर कदाचित तो नवरा म्हणून ऐकेल. कदाचित. त्याच्याही मनात शंका असतील आणि तोही त्या वहीत लिहीत नसेल, हे अगदीच अशक्य नाही. अशा घरांत दोघंही एकमेकांच्या धाकाने गप्प असतात असं होतं.

त्याला ओढून बाहेर काढायच्या भरीला मात्र पडू नका. १९७० च्या दशकात अमेरिकेत हवालदिल झालेल्या काही पालकांनी माणसं नेमून आपल्या सज्ञान मुलांना पळवून आणवलं, खोलीत कोंडून त्यांची मतं बदलायचा प्रयत्न केला. ते अपहरणच होतं, प्रकरणं न्यायालयात गेली आणि पुढे ती पद्धत मोडीत निघाली. जे तुमच्यावर झालं तेच उलट्या दिशेने दुसऱ्यावर करणं एवढाच त्याचा अर्थ. नवऱ्याला वेळ द्या, आणि तुम्ही बाहेर पडलात म्हणून तुमचं त्याच्यावरचं प्रेम संपलेलं नाही हे त्याला दिसत राहू द्या. ते दोघांत राहील की नाही हे आज सांगता येत नाही, खोटी आशा मी देणार नाही. काही संसार यातून टिकतात, काही मोडतात.

हे सगळं तो खरोखर शांत माणूस आहे असं धरून लिहिलंय. त्याने हात उगारला, फोन काढून घेतला, मुलीला घेऊन जायची धमकी दिली, किंवा समूहातले लोक दारात येऊन बसू लागले, तर वरचा क्रम विसरा. आधी सुरक्षित जागी जा, पोलिसांत कळवा, समजावणं नंतर.

आईबद्दल तुम्ही जवळजवळ काहीच लिहिलं नाहीत. मला वाटतं तेच सर्वांत दुखतंय. तिने मुलाशी बोलणं टाकलं, तुमच्याशीही टाकेल. ती तुमच्यावर प्रेम करत नाही असा त्याचा अर्थ नाही. तुम्हीही भावाशी बोलत नव्हतात तेव्हा त्याच्यावर प्रेम करतच होतात. हे तुम्हाला आतून माहीत आहे. तिला वाढदिवसाला, आजारपणात दोन ओळी पाठवत राहा. उत्तराची वाट न बघता पाठवता आल्या तर.

लहानपणापासून आत असलेल्यांची एक वेगळी अडचण असते, ती आत्ताच सांगून ठेवते. समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी युनिफिकेशन चर्च या कोरियात सुरू झालेल्या धार्मिक समूहाचा अभ्यास करून १९८४ मध्ये लिहिलं की त्यांच्या कार्यशाळांना आलेल्यांपैकी बहुतेक जण सामील झालेच नाहीत आणि सामील झालेल्यांतले बरेचसे थोड्या वर्षांत आपापले निघून गेले. 'बाहेर गेलेला टिकत नाही' असं जे सांगितलं जातं त्याला हे चांगलं उत्तर आहे. पण ते लोक मोठेपणी आत गेले होते. त्यांना परतायला जुनं काहीतरी होतं, जुने मित्र, जुन्या सवयी. तुम्हाला तसं नाही. बाहेर पडल्यावर कुठलं गाणं आवडतं, मोकळ्या दिवशी काय करावंसं वाटतं, कुणी काही विचारलं तर आपलं मत काय, हे शोधायला तुम्ही छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा बसाल. साध्या साध्या निवडींनी दमायला होईल. कुणाला तरी विचारावंसं वाटेल. नेमकं त्या वेळी सगळी उत्तरं देणारं दुसरं कुणीतरी भेटतं, दुसरा समूह, दुसरा गुरू, किंवा नुसता एखादा खूप खात्रीने बोलणारा माणूस. त्याच्यापासून सांभाळा.

देव आहे की नाही हेही या वर्षी ठरवायचं नाही. भाऊ कदाचित नास्तिक झाला असेल, त्याला वाटेल तुम्हीही व्हावं. समूहात कुणी तरी म्हणेल, आम्हाला सोडलंस म्हणजे देवाला सोडलंस. दोघांचंही ऐकू नका. एकटीने प्रार्थना करावीशी वाटली तर करा, या खेपेला ओठ हलवायचीही गरज नाही. नाही वाटली तर नका करू.

तुम्हाला तिथली आठवणही येईल, याची लाज वाटून घेऊ नका. सगळ्यांनी एका सुरात गायलेलं, संकटात दारात उभी राहणारी माणसं, आपण काहीतरी मोठ्यासाठी जगतोय ही भावना. हे सगळं खरं होतं. हेलन रोझ ईबॉ या समाजशास्त्रज्ञ स्वतः आधी कॅथलिक नन होत्या. मोठी भूमिका सोडून आलेल्या अनेकांशी बोलून त्यांनी १९८८ मध्ये दाखवलं की सोडणं ही एका दिवसाची घटना नसते: आधी शंका येतात, मग माणूस पर्याय चाचपतो, मग एखादी घटना त्याला वळणावर आणते आणि त्यानंतर 'मी आधी अमुक होतो' हे अंगवळणी पडायला बराच काळ जातो. मुलीचा प्रश्न हे तुमचं वळण असावं. एखाद वेळी परत जावंसं वाटेल, कदाचित एखाद्या सभेला जाऊनही याल. त्याने काही बिघडत नाही.

झोप उडालेली राहिली, छातीत धडधड थांबेना, तर समुपदेशकाकडे जा. तो समूहाशी संबंधित नाही याची खात्री करून घ्या आणि पहिल्याच भेटीत तो तुम्हाला 'अशा नादी लागलातच कशा' असं म्हणाला तर दुसरा बघा. तुम्हाला वेड लागलेलं नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ च्या आपल्या निदानपुस्तिकेत श्रद्धा हरवणं किंवा तिच्याविषयी प्रश्न पडणं हे उपचारकाने लक्ष द्यावं असं कारण म्हणून नोंदवलं, पण मानसिक आजारांच्या यादीत घातलं नाही.

राहिले प्रमुख. प्रामाणिक माणूस समोर येऊन विचारतो, असं ते म्हणतात. समोर येऊन विचारलेल्या प्रश्नामुळे प्रमुखांनी स्वतःचं काही बदलल्याचं तुम्ही कधी पाहिलंय का? पाहिलं असेल तर जरूर भेटा. नसेल तर ती भेट प्रश्नोत्तराची नाही, ती तुम्हाला थोपवण्याची आहे. तिथं तुम्ही एकट्या असाल, ते दोघं-तिघं असतील, तुमच्या जुन्या वह्या त्यांनी वाचलेल्या असतील आणि तुमचं कोणतं दुखणं कुठं आहे हे त्यांना तुमच्याच अक्षरात ठाऊक असेल. जाऊ नका. नोकरी सोडताना राजीनामा द्यावा लागतो, तसं इथं काही देणं नाही. निघाल्यावर कुणी विचारायला आलंच तर कारणं सांगू नका, प्रत्येक कारणाचं तिथल्या तिथं खंडन होईल. 'माझा निर्णय झालाय, मला यावर चर्चा करायची नाही' एवढं म्हणा. ते पुन्हा विचारतील, तुम्ही पुन्हा तेच म्हणा, शब्दही न बदलता. तिसऱ्यांदा विचारलं तर दार लावून घ्या.